वर्तनाचा अभ्यासक : बी. एफ. स्किनर

पाठ परिचय

प्राणी एखादी कृती पुन्हा पुन्हा का करतात आणि एखादी कृती करणे का सोडून देतात? बक्षिसाने सवय लागते, की शिक्षेने सुटते? हे प्रश्न घरात, शाळेत आणि शेतातही नेहमी पडतात. विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत त्यांची उत्तरे शोधण्यात आयुष्य वेचले. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. कन्नड भाषेत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. येथील देवळात एकाच शिळेतून कोरलेला भव्य नंदी आहे. सोळाव्या शतकात केंपेगौडा यांनी हे देऊळ बांधले असे मानतात. या देवळाविषयी एक लोककथा सांगितली जाते. पूर्वी या परिसरात भुईमुगाची शेती होती. पीक हाताशी आले, की एक बैल येऊन शेंगा फस्त करी. संतापलेल्या शेतकऱ्याने त्याच्यावर दंडुका उगारला आणि तो बैल तेथेच शिळा होऊन बसला. पुढे शेतकऱ्यांनी पहिल्या पिकाचा वाटा नंदीला अर्पण करण्याची प्रथा सुरू केली. आजही कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येथे शेंगांची मोठी जत्रा भरते. तिला कडलेकाई परिषे म्हणतात.

या कथेत माणसाचे दोन जुने उपाय एकत्र आले आहेत. एक दंडुक्याचा आणि दुसरा घासाचा. गुराखी, माहूत, घोडे शिकवणारे चाबूकस्वार, सर्कशीतील शिक्षक, सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच दोन उपाय वापरले. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कशीचा पाया घातला. तेव्हापासून रिंगणात जनावरे शिकवणाऱ्यांच्या एका हातात चाबूक असे आणि दुसऱ्या हातात खाऊ. परंतु या दोहोंपैकी कशाचा परिणाम किती होतो, तो किती काळ टिकतो आणि घास केव्हा द्यावा, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. ते मोजण्याचे काम स्किनर यांनी केले.

बालपण आणि शिक्षण

बर्रस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहाना या लहानशा गावी झाला. वडील वकील होते. घरातील वातावरण शिस्तीचे होते. मुलाला लहानपणापासून वस्तू तयार करण्याचा नाद होता. ढकलगाड्या, तराफे, गलोली असे काही ना काही तो सतत करीत असे. कपडे जागेवर टांगून ठेवावेत म्हणून आई वारंवार टोकत असे. तेव्हा या मुलाने स्वतःलाच आठवण करून देणारे एक साधन बनवले. कपडे खुंटीवर नसले, की खोलीच्या दारात एक पाटी लोंबू लागे. कपडे टांगले, की ती आपोआप वर जाई. वर्तन बदलायचे तर उपदेश करण्यापेक्षा भोवतालची परिस्थिती बदलावी, हा त्यांचा पुढील आयुष्यातील विचार या खेळण्यात बीजरूपाने दिसतो.

त्यांच्या धाकट्या भावाचा वयाच्या सोळाव्या वर्षी आकस्मिक मृत्यू झाला. त्या वेळी स्किनर न्यू यॉर्क राज्यातील हॅमिल्टन महाविद्यालयात शिकत होते. १९२६ साली त्यांनी इंग्रजी साहित्य विषयात पदवी मिळवली. लेखक होण्याची त्यांची इच्छा होती. रॉबर्ट फ्रॉस्ट या नामवंत कवीने त्यांच्या कथा वाचून त्यांना प्रोत्साहनही दिले होते. आईवडिलांच्या घरी राहून लिहायचे असे त्यांनी ठरवले. पण हाती काही लागेना. तो काळ त्यांना फार निराशेचा गेला. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, हे त्यांना कळून चुकले. याच सुमारास त्यांच्या वाचनात इव्हान पावलोव्ह आणि जॉन वॉटसन यांचे ग्रंथ आले. माणसाच्या वागण्याचे वर्णन साहित्यिक करतो. त्याची कारणे शास्त्राने शोधता येतील, असे त्यांना वाटू लागले. १९२८ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला आणि १९३१ साली डॉक्टरेट मिळवली.

पेटी, तरफ आणि दाणा

पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग तेव्हा जगभर गाजले होते. अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकवला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले होते. त्यात प्राणी स्वतः काही करीत नाही. बाहेरून आलेल्या उद्दीपकाला त्याचे शरीर प्रतिसाद देते. स्किनर यांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे होते. प्राणी आपण होऊन हालचाल करतो, तिचा काही परिणाम होतो आणि त्या परिणामावर तीच हालचाल पुन्हा होणार की नाही हे ठरते. या प्रकारच्या शिकण्याला साधक अभिसंधान म्हणतात. ज्या परिणामामुळे कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, त्याला प्रबलन असे नाव आहे.

हे पाहण्यासाठी त्यांनी एक पेटी तयार केली. पेटीत एक तरफ होती. उंदराने ती दाबली, की अन्नाची एक गोळी खाली पडत असे. प्रत्येक दाबाची नोंद फिरत्या कागदावर रेषेच्या रूपाने होई. उंदीर भराभर तरफ दाबू लागला, की रेषा उभी चढे. तो थांबला, की रेषा आडवी जाई. प्राण्याच्या वर्तनाचा वेग असा प्रथमच डोळ्यांनी पाहता आला.

या संशोधनात दोन महत्त्वाचे शोध अडचणींतून लागले. एकदा गोळ्या सोडणारे यंत्र अडकले. उंदीर तरफ दाबत राहिला; गोळी मात्र येईना. कागदावरील रेषा आधी वेगाने चढली आणि मग हळूहळू आडवी झाली. प्रबलन थांबले, की वर्तन एकदम नाहीसे होत नाही. ते क्रमाक्रमाने विझते. यालाच विलोपन म्हणतात.

दुसरी अडचण गोळ्यांचीच होती. त्या काळी तयार गोळ्या मिळत नसत. स्किनर यांना त्या स्वतः वळाव्या लागत. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आले, की राहिलेला वेळ गोळ्या वळण्यात घालवला नाही, तर सोमवारपर्यंत साठा संपेल. मग त्यांनी प्रत्येक दाबाला गोळी देण्याऐवजी मिनिटातून एकदाच देण्याचे ठरवले. उंदीर तरफ दाबणे सोडून देतील, अशी कोणालाही शंका आली असती. घडले उलटेच. उंदीर संथ पण एकसारख्या गतीने तरफ दाबत राहिले. गोळ्या वाचल्याच आणि संशोधनाला एक नवे दालन उघडले.

प्रबलनाचे वेळापत्रक

१९३६ साली स्किनर मिनेसोटा विद्यापीठात अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. १९३८ साली त्यांचा प्राण्यांच्या वर्तनावरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे इंडियाना विद्यापीठात काही वर्षे काम करून १९४८ साली ते हार्वर्डला परतले. तेथे त्यांनी चार्ल्स फर्स्टर यांच्यासह कबुतरांवर दीर्घ प्रयोग केले. सुमारे ७० हजार तासांच्या नोंदी आणि जवळजवळ २५ कोटी चोचींचे टोले त्यांनी तपासले. त्यांवर आधारलेला मोठा ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला.

या अभ्यासातून प्रबलनाची चार मुख्य वेळापत्रके स्पष्ट झाली. पहिले स्थिर गुणोत्तराचे. ठरावीक संख्येने कृती झाली, की मोबदला मिळतो. निपाणी किंवा सोलापूर भागात बिड्या वळणाऱ्या स्त्रियांना हजार बिड्यांमागे मजुरी मिळते, त्याच जातीचे हे वेळापत्रक आहे. यात कामाचा वेग मोठा असतो. मोबदला मिळाल्यावर प्राणी थोडा थांबतो. दुसरे स्थिर कालांतराचे. ठरावीक वेळ उलटल्यावर केलेल्या पहिल्या कृतीलाच फळ मिळते. येथे कबूतर आरंभी स्वस्थ असते आणि वेळ जवळ आली, की घाईने टोचू लागते. वर्षभर पुस्तक न उघडता परीक्षेच्या तोंडावर जागरण करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्तन काहीसे असेच दिसते. तिसरे बदलत्या कालांतराचे. फळ केव्हा येईल हे सांगता येत नाही. म्हणून प्राणी शांतपणे, पण खंड न पाडता प्रयत्न करीत राहतो. पाण्यात गळ टाकून बसलेला माणूस पुन्हा पुन्हा दोरी पाहतो, तसे हे आहे.

चौथे वेळापत्रक बदलत्या गुणोत्तराचे. कितव्या प्रयत्नाला फळ मिळेल, हे येथे मुळीच कळत नाही. त्यामुळे वर्तनाचा वेग सर्वांत अधिक राहतो आणि फळ बंद झाले तरी ते लवकर विझत नाही. विशिष्ट वेळापत्रकांवर वाढलेली कबुतरे दाणे बंद झाल्यानंतरही दहा हजार वेळांपर्यंत टोचत राहू शकतात, असे स्किनर यांनी नोंदवले आहे. लॉटरी आणि मटका यांच्या नादी लागलेला माणूस सतत हरत असूनही का थांबत नाही, याचा उलगडा येथे होतो. दहादा हाकलूनही शेतात येणाऱ्या गुराचे वर्तनही असेच समजून घेता येते. त्याला दर खेपेस चारा मिळत नाही. परंतु अधूनमधून मिळालेले चार घास त्याला परत आणायला पुरेसे होतात.

कबुतरे आणि महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्किनर यांनी एक विलक्षण योजना आखली. क्षेपणास्त्राच्या टोकात कबुतरे बसवायची. समोरच्या पडद्यावर लक्ष्याचे चित्र दिसले, की त्यांनी त्यावर चोच मारायची आणि त्या टोल्यांनी क्षेपणास्त्राची दिशा राखायची. मिनियापोलिस येथील एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर हे काम चाले. कबुतरे आपल्या कामात चोख ठरली. पण अधिकाऱ्यांचा या कल्पनेवर विश्वास बसला नाही आणि १९४४ साली योजना बंद झाली. यातून एक गोष्ट मात्र हाती आली. इच्छित कृतीच्या जवळ जाणारी प्रत्येक लहान हालचाल तत्काळ दाण्याने गौरवली, तर प्राण्याला थोड्याच वेळात अवघड कृती शिकवता येते. याच गिरणीत त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवले. वर्तनाला आकार देण्याची ही पद्धत आज श्वान प्रशिक्षणापासून प्राणिसंग्रहालयांपर्यंत सर्वत्र वापरली जाते.

शिक्षेचा प्रश्न

स्किनर यांच्या कार्यातील समाजाशी सर्वांत जवळचा भाग शिक्षेविषयीचा आहे. प्राण्याला नकोशा वाटणाऱ्या गोष्टीला अप्रिय उद्दीपक म्हणतात. तिचे दोन उपयोग होतात आणि त्यांत नेहमी गल्लत होते. संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळला, की डास जातात. म्हणून माणूस रोज धूर करतो. येथे त्रास दूर झाल्याने कृती वाढली. हे ऋण प्रबलन होय. याउलट कृतीनंतर त्रास दिला आणि त्यामुळे कृती कमी झाली, तर ती शिक्षा होय.

शिक्षेने वर्तन खरोखर पुसले जाते का, हे पाहण्यासाठी स्किनर यांनी उंदरांचे दोन गट घेतले. दोन्ही गटांना तरफ दाबून अन्न मिळवण्याची सवय होती. मग अन्न बंद केले. एका गटातील उंदरांनी तरफ दाबली, की सुरुवातीचा काही वेळ तीच तरफ उलटून त्यांच्या पंजांवर आपटे. हे उंदीर लगेच थांबले. परंतु फटका बंद झाल्यावर त्यांनी पुन्हा तरफ दाबायला आरंभ केला आणि अखेरीस दोन्ही गटांतील दाबांची एकूण संख्या जवळपास सारखीच भरली. शिक्षेने सवय मोडली नव्हती. ती काही काळ दबली होती. १९४१ साली विल्यम एस्टिस यांच्यासह केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. विजेच्या झटक्यापूर्वी ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे तो आवाज सुरू होताच उंदीर अन्नासाठी तरफ दाबणेही थांबवतो. भीती अशी निरुपद्रवी कामातही शिरते.

यावरून स्किनर यांनी असे मत मांडले, की शिक्षा करणाऱ्याला तत्काळ फळ मिळते, म्हणून शिक्षा करण्याची सवय त्यालाच जडते. वर्गात छडी उगारली, की क्षणात शांतता होते. त्या शांततेमुळे छडी पुन्हा उगारली जाते. विद्यार्थी मात्र त्यातून विषय शिकत नाही. तो शिक्षकाला चुकवायला, खोटे बोलायला किंवा शाळाच बुडवायला शिकतो. नको असलेले वर्तन घालवायचे असेल, तर त्याला मिळणारे फळ थांबवावे आणि योग्य वर्तनाला फळ मिळेल अशी व्यवस्था करावी, असा त्यांचा आग्रह होता.

पुढील संशोधनाने या मतात काही दुरुस्ती केली. शिक्षा तीव्र, तत्काळ आणि न चुकता झाली, तर तिचा परिणाम टिकू शकतो, असे १९६० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. तथापि तिच्यासोबत येणारी भीती आणि आक्रमकता यांविषयीचा इशारा आजही ग्राह्य मानला जातो. भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. १९९८ साली वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवरही शासनाने बंदी घातली. या निर्णयांमागे दयेची आणि हक्काची भूमिका आहे. शास्त्राचा अनुभव तिला बळ देतो.

अध्यापन यंत्र

११ नोव्हेंबर १९५३ रोजी स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. त्यांना दोन दोष दिसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते आणि हुशार व मंद गतीच्या सर्व मुलांना एकाच वेगाने जावे लागत होते. उंदराला मिळणारी तत्परता मुलाला मिळत नव्हती. त्यांनी घरी येऊन एक यंत्र तयार केले. त्यात विषय लहान लहान पायऱ्यांत मांडलेला असे. मुलाने उत्तर दिले, की ते बरोबर आहे का हे त्याला त्याच क्षणी समजे. यातून क्रमान्वित अध्ययनाची पद्धत विकसित झाली. यंत्रे मागे पडली. विचार मात्र टिकला. मुक्त विद्यालयाच्या पाठांमध्ये मध्येच येणारे पाठगत प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांचे नाते याच विचाराशी आहे. शिक्षक समोर नसतानाही विद्यार्थ्याने आपल्या गतीने पुढे जावे, हा त्यांचा हेतू असतो.

टीका आणि मर्यादा

स्किनर यांच्या वाट्याला कीर्तीइतकीच टीका आली. त्यांनी आपल्या तान्ह्या मुलीसाठी उबदार, काचेचे दार असलेला पाळणा बनवला होता. त्यावरून ते मुलीवर पेटीतील उंदरासारखे प्रयोग करतात अशी अफवा पसरली. ती निराधार होती. ती मुलगी पुढे चित्रकार झाली आणि तिने स्वतः या अफवेचे खंडन केले.

शास्त्रीय आक्षेप अधिक गंभीर होते. भाषा हेही प्रबलनाने शिकलेले वर्तन आहे, असे स्किनर यांनी १९५७ साली प्रतिपादन केले. मूल पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, मग प्रबलन कशाचे, असा प्रश्न नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली उपस्थित केला. स्किनर यांचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी डुकरांना लाकडी नाणी पेटीत टाकायला शिकवले. काही दिवसांनी डुकरे नाणी पेटीत टाकण्याऐवजी वाटेतच मातीत उकरू लागली. अन्न मिळायला उशीर झाला तरी त्यांचा उपजत स्वभाव सुटेना. प्रत्येक प्राणी आपली प्रकृती बरोबर घेऊन येतो. वेळापत्रक तिच्यावर पूर्ण मात करू शकत नाही, हे यातून स्पष्ट झाले. माणसाचे स्वातंत्र्य हा भ्रम आहे, असे सुचवणारा स्किनर यांचा १९७१ चा ग्रंथ तर मोठ्या वादळाला कारण ठरला. वर्तनाला आकार देणारी साधने कोणाच्या हाती असावीत, हा त्या वादातील प्रश्न आजही संपलेला नाही.

अखेरचे दिवस

१९६८ साली स्किनर यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. उतारवयातही त्यांचा लेखनाचा नेम चुकला नाही. रोज पहाटे ठरावीक वेळी ते मेजाशी बसत. लिहिण्याचे तास आणि लिहिलेले शब्द यांची नोंद ते स्वतःसाठीही ठेवत. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. तरीही १० ऑगस्ट १९९० रोजी बोस्टन येथे मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत त्यांनी व्याख्यान दिले. त्या व्याख्यानावर आधारलेला लेख त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी पूर्ण केला. १८ ऑगस्ट १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

स्किनर यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य नाहीत. परंतु चुकलेल्या प्राण्याला, मुलाला किंवा माणसाला दोष देण्यापूर्वी त्याच्या कृतीला भोवतालातून कोणते फळ मिळत आहे ते पाहावे, ही दृष्टी त्यांनी दिली. रागावण्यापेक्षा निरीक्षण अवघड असते. ते त्यांनी आयुष्यभर केले.

शब्दार्थ

उद्दीपक – प्रतिसाद घडवून आणणारी गोष्ट
प्रबलन – कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढवणारा परिणाम
विलोपन – फळ बंद झाल्यावर वर्तन क्रमाने नाहीसे होणे
क्रमान्वित – पायरीपायरीने मांडलेले

स्वाध्याय

१. गोळ्या वाचवण्यासाठी केलेल्या बदलातून स्किनर यांना कोणता शोध लागला?
२. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. शिक्षा करणाऱ्यालाच शिक्षा करण्याची सवय का जडते, ते पाठाच्या आधारे लिहा.
४. डुकरांच्या प्रयोगावरून स्किनर यांच्या विचाराची कोणती मर्यादा दिसून येते?